बनावट आमिष आणि खरा मासा



माझ्या लिहिण्याच्या मेजाला एक खण आहे. मी शाळेंत असतांना त्यांत मुलांचीं प्रगतिपुस्तकें असत. आतां त्यांत तेवीस बनावट मासे आहेत. कांहीं पत्र्याचे, कांहीं लांकडाचे, कांहीं रबराचे; एक बेडूकही आहे. घरांतील मंडळी त्या खणाला ‘गुरुजींचें खेळण्यांचें दुकान’ म्हणतात, आणि पहिल्या वर्षापुरतें तरी तें म्हणणें अगदीं यथार्थ होतें. कारण त्या वर्षीं मीं हे सगळे मासे विकत घेतले आणि एकही खरा मासा धरला नाहीं.

काठी आणि रीळ घेऊन बनावट आमिष दूरवर फेंकावयाचें, तें पाण्यांतून ओढून आणावयाचें, आणि शिकारी माशाला भूल पाडावयाची, अशी एक मासेमारीची रीत आहे. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन्‌तास स्वस्थ बसण्याच्या आपल्या परिचित पद्धतीहून ती निराळी. हल्लीं सुटीच्या दिवशीं कोंकणच्या खाड्यांवर आणि घाटमाथ्यावरील तलावांवर शहरांतील पुष्कळ तरुण ह्या छंदांत रमलेले दिसतात. आमिषें घरबसल्या मागवितां येतात. परंतु त्यांच्या डबीबरोबर त्यांचा उपयोग शिकविणारा कोणी येत नाहीं. मग पैसे जातात, रविवार जातो, आणि कधीं कधीं एखादा मासा निष्कारण मरतो. ह्यांपैकीं तिसऱ्या गोष्टीकडे मी शेवटीं येणार आहें. पण ती मनांत ठेवूनच पुढचें ऐकावें, अशी विनंति आहे.

पहिला प्रश्न साहजिक आहे. मासा पत्र्याचा तुकडा तोंडांत घेतोच कां? माझी समजूत अशी होती कीं, आमिष जितकें खऱ्या माशासारखें दिसेल तितकें तें चांगलें. म्हणून मीं एकेक खवला रंगविलेल्या, कांचेचे डोळे बसविलेल्या सुबक मासोळ्या घेतल्या. त्या वेळीं मी रायगड जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या गांवीं राहत होतों. तेथें एक वृद्ध कोळी ओहोटीच्या वेळीं पाग घेऊन येई. माझें फेंकणें आणि ओढणें तो दोन आठवडे मुकाट्यानें पाहत होता. शेवटीं न राहवून म्हणाला, “गुरुजी, तुमचा मासा लय धडधाकट हाय. धावनाऱ्याला कोन पकडनार? जरा लंगडूं द्या त्याला.”

मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा धडा मला कधीं देतां आला नाहीं. शिकारी मासा कांहीं चित्रकलेचा परीक्षक नव्हे. तो हिशेबी प्राणी आहे. धडधाकट मासोळीचा पाठलाग करण्यांत त्याची शक्ति खर्च होते आणि पुष्कळदां पदरांत कांहीं पडत नाहीं. जी मासोळी जखमी आहे, कळपांतून मागें पडली आहे, तोल जाऊन वांकडीतिकडी पोहत आहे, ती त्याला सोंपी वाटते. तात्पर्य, चांगलें आमिष म्हणजे माशाची हुबेहूब मूर्ति नव्हे. तें संकटांत सांपडलेल्या माशाचें सोंग आहे. ही एक गोष्ट पटली म्हणजे बाकीचें शास्त्र तिच्यांतून आपोआप निघतें.

फिनलंडमध्यें लाउरी रापाला नांवाचा एक गरीब मच्छीमार होता. होडींतून काम करतांना त्यानें हेंच पाहिलें कीं, मोठे मासे लहान माशांच्या थव्यांत घुसतात आणि ज्याचें पोहणें बिघडलें आहे त्यालाच आधीं गिळतात. त्यानें १९३६ सालीं चांभाराच्या रांपीनें बुचाच्या लांकडाची एक मासोळी कोरली, चॉकलेटवरची चांदी तिच्यावर गुंडाळली, आणि जुन्या छायाचित्रांच्या फिल्मा वितळवून त्यांचा लेप तिच्यावर दिला. ती दिसावयास ओबडधोबड होती. पण तिचें पोहणें जखमी माशासारखें होतें. पुढें त्या एका मासोळीतून जगभर पसरलेला धंदा उभा राहिला. त्याच्याहि आधीं, अमेरिकेंत ज्यूलिओ ब्यूएल नांवाच्या माणसाच्या हातून सरोवरांत जेवणाचा चमचा पडला आणि तो हेलकावे खात बुडत असतां एका माशानें त्यावर झडप घातली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ब्यूएलनें १८५२ सालीं चमच्यासारख्या आमिषाचें पेटंट घेतलें, हें मात्र खरें. चमच्याला डोळे नाहींत, खवले नाहींत, शेपूट नाहीं. त्याच्याजवळ फक्त हेलकावा आहे आणि चकाकी आहे. आणि तेवढ्यावर त्याचें काम आजतागायत चाललें आहे.

आतां माशाला हें सोंग कळतें तरी कसें, तें पाहूं. डोळे तर त्याला आहेतच. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली असते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. बाजारांतून आणलेल्या माशावर ती तुम्हांला सहज दिसेल. जवळपास पाणी हललें तर त्याची थरथर माशाला ह्या रेषेनें कळते. म्हणून गढूळ पाण्यांत किंवा काळोखांतहि आमिषाची धडपड त्याला जाणवूं शकते. आमिष निवडतांना आपण दोन ज्ञानेंद्रियांशीं बोलत आहोंत: पाणी स्वच्छ असेल तर मुख्यतः डोळ्यांशीं, गढूळ असेल तर मुख्यतः ह्या रेषेशीं.

डोळ्यांविषयीं आणखी एक मौज आहे. वाटींत नाणें ठेवून तें दिसेनासें होईपर्यंत मागें सरावें, आणि मग दुसऱ्यानें वाटींत पाणी ओतलें म्हणजे तें पुन्हां दिसूं लागतें, हा शाळेंतला प्रयोग सर्वांनीं केलेला असेल. प्रकाशाचा किरण पाण्यांत वांकतो त्यामुळें हें घडतें. ह्याच नियमानें माशाला पाण्यावरचें सारें जग डोक्यावरच्या एका वर्तुळाकार खिडकींतून दिसतें. त्या खिडकीचा कोन सुमारें ९७ अंशांचा असतो. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, काठाच्या अगदीं कडेला उभें राहून हातवारे करणाऱ्या माणसाला मासा चांगला पाहतो. तेव्हां दोन पावलें मागें राहावें. दुसरी, पृष्ठभागावरचें आमिष त्याला आकाशाच्या उजेडावर काळ्या आकृतीसारखें दिसतें. म्हणून संध्याकाळीं पाण्यावर खेळवावयाच्या आमिषाचा रंग काळा असला तरी बिघडत नाहीं, किंबहुना पुष्कळदां तोच बरा.

साधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. जुन्या तऱ्हेचें रीळ पतंगाच्या फिरकीसारखें असे. दोरी जाऊं लागली कीं फिरकी फिरे, आणि आमिष पाण्यांत पडल्यावरहि ती फिरतच राहिली तर दोरीचा घोटाळा होई. इंग्लंडांत ब्रॅडफर्ड ह्या लोंकरी कापडाच्या गांवीं इलिंगवर्थ नांवाच्या गृहस्थानें १९०५ सालीं स्थिर रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतील उभ्या बॉबिनच्या टोंकावरून सूत जसें सरसर निघतें, तशी ह्या रिळावरून दोरी निघते. रीळ स्वतः फिरत नाहीं. शिवणाच्या डब्यांतील दोऱ्याचें रीळ उभें धरून वरच्या टोंकाकडे दोरा ओढून पाहा, म्हणजे मर्म ध्यानांत येईल. जड फिरकी फिरविण्याचा भार नसल्यामुळें पांच-सात ग्रॅम वजनाचें हलकें आमिषहि दूर जातें. आजचीं बहुतेक रिळें ह्याच जातीचीं आहेत.

काठीवर बहुधा ग्रॅमचे आंकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ १० ते ३०. तेवढ्या वजनाचें आमिष त्या काठीनें फेंकावें, असा त्याचा अर्थ. फारच हलकें आमिष काठीला वांकवीत नाहीं, आणि काठी वांकल्यावांचून आमिष दूर जात नाहीं. फार जड आमिषानें काठी मोडते. फेंकतांना दोरी तर्जनीच्या पेरावर धरावी, रिळाची तारेची कमान उघडावी, पाठीमागें कोणी नाहीं हें वळून पाहावें, काठी डोक्यावरून पुढें आणावी आणि ती समोर येतांच बोट सोडावें. वळून पाहण्याची पायरी मीं मुद्दाम मध्यें घातली आहे. गळ माशाचा आणि शेजाऱ्याच्या कानाचा भेद जाणत नाहीं.

आतां खणांतील मंडळींची ओळख करून देतों. तेवीस दिसतात खरे, पण त्यांचीं घराणीं पांचच.

पहिला चमचा. दांडा काढून टाकलेल्या चमच्यासारखा हा धातूचा तुकडा असतो. जाड आणि अरुंद चमचा दूर जातो, लवकर बुडतो, आणि वाहत्या किंवा खोल पाण्यांत उपयोगी पडतो. पातळ आणि रुंद चमचा हळू बुडतो व संथ ओढला तरी मोठे हेलकावे खातो. उथळ, स्थिर पाण्याला तो चांगला. चमचा फार वेगानें ओढला तर हेलकावा जाऊन तो गरगर फिरूं लागतो आणि दोरीला पीळ पडतो. तेव्हां प्रथम पायाजवळच्या पाण्यांत ओढून पाहावा आणि कोणत्या वेगानें तो डुलतो हें नजरेनें ठरवावें.

दुसरें भिरभिरें. ह्यांत एका सरळ तारेभोंवतीं लहानसें पातें फिरतें. गोल पातें तारेपासून दूर राहून, संथ आणि जोरकस फिरतें. त्याची थरथर मोठी, म्हणून तें गढूळ आणि संथ पाण्यांत चांगलें. लांबट, विलोच्या पानासारखें पातें तारेला चिकटून वेगानें फिरतें. तें प्रवाहांत वर उचललें जात नाहीं. भिरभिऱ्यानें दोरीला पीळ पडतो, म्हणून त्याच्या आधीं दोरींत भोंवरकडी घालावी.

तिसरी मासोळी, म्हणजे लांकडाचा किंवा प्लास्टिकचा घडविलेला मासा. हिच्या हनुवटीखालीं एक पारदर्शक पट्टी असते; मी तिला जीभ म्हणतों. सर्व मर्म त्या जिभेंत आहे. जीभ आंखूड आणि खालीं वळलेली असेल तर मासोळी उथळ पोहते. लांब आणि अंगाच्या सरळ रेषेंत पुढें आलेली असेल तर ओढतांना ती खोल जाते. तरंगणारी मासोळी घेतली तर ओढणें थांबवितांच ती वर येऊं लागते. पुढें फांदी किंवा खडक लागला तर थांबावें, तिला वर येऊं द्यावें आणि मग पुढें ओढावें. नवशिक्यानें तरंगणारीच घ्यावी. तिच्यामुळें वाचलेला पैसा मोजून पाहण्यासारखा असतो.

चवथी रबरी मासोळी. ही शिशाच्या डोक्याच्या गळावर चढवितात. तळाशीं बुडवून, काठीचें टोंक वीतभर उचलून पुन्हां खालीं सोडलें कीं ती उडी मारते आणि बसते. बहुतेक मासे ती बसत असतांनाच तिला घेतात. म्हणून खालीं जातांना दोरी अगदीं ढिली सोडूं नये. पांचवा बेडूक. हा पोकळ, मऊ आणि तरंगणारा असून त्याचे दोन गळ पाठीशीं वर वळलेले असतात. त्यामुळें कमळाच्या पानांवरून आणि शेवाळावरून तो न अडकतां सरकतो.

दुकानांत उभें राहिल्यावर हात प्रथम रंगाकडे जातो. माझा सल्ला असा आहे कीं, रंग शेवटीं पाहावा. आधीं तीन प्रश्न विचारावे. मासा किती खोलीवर आहे? पाणी कसें आहे, वाहतें कीं स्थिर, स्वच्छ कीं गढूळ? आणि तो ह्या दिवसांत काय खातो आहे? पहिल्या प्रश्नावरून वजन आणि जीभ ठरते, दुसऱ्यावरून हालचाल ठरते, तिसऱ्यावरून आकार ठरतो. कांठाशीं बोटभर लांबीची पिलें दिसत असतील तर वीतभर लांबीची मासोळी त्या दिवसापुरती खणांत ठेवावी. इतकें झाल्यावर रंग. स्वच्छ पाण्यांत रुपेरी आणि मातकट, गढुळांत ठळक पिवळा किंवा ठळक काळा. तांबड्या रंगाचा मोह फार असतो. पण पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधीं शोषून घेतें, आणि कांहीं मीटर खोलीवर आपली लालचुटुक मासोळी काळपट दिसते. ती खालीं निरुपयोगी होते असें नाहीं; फक्त ती माशाला लाल दिसते, हा आपला भ्रम आहे.

वापरण्याची रीत दोन ठिकाणांच्या उदाहरणांनीं सांगतों. पहिलें ठिकाण म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी. समुद्राचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून घातलेल्या बांधाला जो दरवाजा असतो तो उघाडी, हें रायगडकरांना सांगावयास नको. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी उघाडींतून खाडींत येतें, आणि त्याबरोबर कोळंबी आणि बोयांचीं पिलेंहि वाहत येतात. जिताडा हें जाणतो. तो धारेच्या मध्यभागीं राहत नाहीं. धारेच्या कडेला, जेथें पाणी मंद होतें तेथें तोंड वर करून थांबतो. म्हणून आमिष धारेंत पडूं द्यावें आणि धारेबरोबरच कडेच्या मंद पाण्याकडे आणावें. धारेविरुद्ध ओढलेली मासोळी खऱ्या माशाला न शोभणारा पराक्रम करते.

किती खोल जावें हें मोजून ठरवावें. आमिष पाण्यांत पडतांच मनांत एक, दोन, तीन असे आंकडे म्हणावे आणि तें तळाला टेकतांच दोरी ढिली पडते तो आंकडा लक्षांत ठेवावा. समजा तो आठ आहे. पुढच्या खेपेला सातावर ओढावयास लागावें, मग पांचावर, मग तिनावर. ह्या रीतीनें पाण्याचा प्रत्येक मजला झाडून निघतो आणि मासा जेथें घेतो तो आंकडा आपल्या हातीं राहतो. ओढतांना रिळाचे चार-पांच फेरे द्यावे आणि थांबावें. तो लंगडण्याचा क्षण होय. मीं पहिल्या वर्षीं एकदांहि थांबलों नाहीं. रिकाम्या हातांचें खरें कारण तें होतें. थंडीच्या दिवसांत माशाचें रक्तहि पाण्याइतकें थंड होतें आणि तो सुस्तावतो. तेव्हां आपणहि सावकाश व्हावें.

दुसरें ठिकाण म्हणजे शेवाळानें भरलेला गांवतलाव, आणि तेथला मासा मरळ. मरळीला हवेंतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधून मधून पृष्ठभागावर येते व बुडबुडा सोडून जाते. त्या जागेच्या पलीकडे बेडूक टाकावा आणि पानांवरून दोन उड्या, एक विश्रांति, अशा चालीनें आणावा. पाणी उसळलें कीं एकदम हिसका देऊं नये. मनांत ‘एक, दोन’ म्हणून मग काठी उचलावी, नाहींतर बेडूक तिच्या तोंडांतून निसटतो. परंतु येथें एक पथ्य आहे. पावसाळ्यांत कधीं पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी पिलांचा एक गोळा खळबळत असलेला दिसतो. त्याच्याखालीं आईबाप पहारा करीत असतात आणि पिलांवरून जाणाऱ्या कोणत्याहि वस्तूवर ते तुटून पडतात. तेथें बेडूक टाकणें अतिशय सोंपें आहे, आणि म्हणूनच तें करूं नये. ती भूक नव्हे, ममता आहे. आईबाप गेले तर तो गोळा दुसऱ्या माशांचें भक्ष्य होतो.

आतां आरंभीं राखून ठेवलेली गोष्ट.

तीन वर्षांपूर्वींची ही हकिकत. मृगाचा पाऊस लागावयाच्या आधींचे दिवस होते. माझा एक माजी विद्यार्थी, आतां महाविद्यालयांत असलेला, माझ्याबरोबर उघाडीवर आला होता. मीं लांब जिभेची मासोळी फेंकली. तिला पोटाखालीं आणि शेपटीशीं असे तीन-तीन टोंकांचे दोन गळ होते. तिसऱ्या खेपेला काठी जवळजवळ हातांतून गेली. मासा एकदां उसळला, आणि इतका मोठा जिताडा मीं तोंवर पाहिला नव्हता. मला त्याला बांधाच्या खांबांपासून आवरावयाचें होतें, म्हणून मीं रिळाची चकती घट्ट पिळली. चकती म्हणजे मासा जोरानें ओढूं लागला असतां दोरी सुटूं देणारी सोय. ती बंद झाल्यावर दोरीपुढें तुटण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाहीं. दोरी तुटली. आम्ही हळहळलों, पण ती हळहळ मासा गेला म्हणून होती.

चार दिवसांनीं तोच वृद्ध कोळी माझ्या दारीं आला. त्याच्या हातांत माझी मासोळी होती. जिताडा खारींत मरून लागला होता. एका गळानें वरचा जबडा आणि दुसऱ्यानें खालचा जबडा शिवल्यासारखा झाला होता. त्याला तोंड उघडतां येत नव्हतें. आम्ही जाऊन पाहिलें. पोट फुटलें होतें आणि आंत अंड्यांची गाभोळी होती. जिताड्याची जात अशी कीं, ते प्रथम नर असतात आणि वाढतां वाढतां पुढें माद्या होतात. म्हणजे मोठे जिताडे बहुधा माद्याच. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाकडे जाऊन त्या अंडीं घालतात. विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, आपण तिला फसविलें, तें ठीक. पण आपण तिला धरलेंहि नाहीं आणि खाल्लेंहि नाहीं.” मला ह्या वाक्याचें उत्तर अद्याप सांपडलेलें नाहीं. मीं फक्त माझी रीत बदलली. ती रीत सांगण्यासाठींच आजचें हें भाषण करण्याचें मीं मान्य केलें.

पहिली गोष्ट, चकती घरूनच बसवून न्यावी. दोरीचें टोंक स्प्रिंगच्या तराजूला बांधावें, काठी वांकवून ओढावें, आणि दोरीच्या तुटण्याच्या वजनाच्या सुमारें पाव वजनावर चकती सुटूं लागेल अशी ती ठेवावी. दोरी ८ किलोची असेल तर २ किलोवर. मासा अंगावर आल्यावर तिला हात लावूं नये. दुसरी, गांठ मारतांना ती ओली करून मग घट्ट करावी. सुकी गांठ घर्षणानें तापते आणि दोरी तेथेंच दुबळी होते. शिवाय दर तासाला शेवटची हातभर दोरी बोटांतून फिरवून पाहावी. खरखर लागली तर तेवढी कापून टाकावी.

तिसरी आणि मुख्य गोष्ट गळांची. तीन टोंकांचे गळ काढून मासोळीला एक एकेरी गळ लावावा, आणि टोंकामागचा उलटा कांटा पक्कडीनें चेपून सपाट करावा. कांटा चेपला तर मासा सुटतो, अशी भीति सर्वांना वाटते. दोरी ताणलेली ठेवली तर तो सहसा सुटत नाहीं. आणि दोरी तुटलीच, तर मासा स्वतः तो गळ झटकून टाकण्याचा पुष्कळ संभव राहतो. माझ्या बोटांत एकदां असा चेपलेला गळ शिरला आणि लगेच निघाला. त्या दिवशीं हें मत मला अधिकच पटलें. चवथी गोष्ट, मासा सोडावयाचा असेल तर तो पाण्याबाहेर कमींत कमी वेळ ठेवावा, हात ओले करून धरावा, उभा लटकवूं नये, आणि तो स्वतःच्या बळानें पोहूं लागेपर्यंत पाण्यांत धरून ठेवावा. घरीं लागेल तेवढाच ठेवावा, आणि तोहि मध्यम आकाराचा. मोठी मादी जाऊं द्यावी.

हें सर्व भाविकपणा वाटेल. पण त्यांत व्यवहारहि आहे. दख्खनच्या महसिराला शास्त्रीय नांव मिळालें तें १८३९ सालीं, कर्नल सायक्स ह्यानें पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यांतून त्याचें वर्णन केलें तेव्हां. चमच्यावर तुटून पडणाऱ्या माशांत ह्या महसीर कुळाचें नांव हिंदुस्थानांत सर्वांत मोठें. आज मुळा-मुठेची स्थिति काय आहे, हें पुणेकर श्रोत्यांना मीं सांगावें असें नाहीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या काळांत महसिराचीं पिलें तयार करण्याचें काम हातीं घेतलें. आणि महाडजवळ काळ नदींतील वाळण कोंडींत देवीचे म्हणून लोकांनींच हे मासे राखले आहेत. अशा देवाच्या डोहांत, तसेंच अभयारण्यांत, कोणतेंहि आमिष टाकूं नये. इतर ठिकाणीं ज्याच्या ताब्यांत पाणी असेल त्याची परवानगी घ्यावी. तेवीस मासोळ्या खणांत असून पाण्यांत एकहि मासा नसला, तर त्या खणाला घरची मंडळी जें नांव देतात तेंच खरें ठरेल.

ती मासोळी मीं टाकून दिली नाहीं. खणांत सर्वांत पुढें ठेवली आहे, तिच्या दोन्ही तिहेरी गळांसह. खाडीवर निघतांना दुसरी मासोळी घ्यावयाला खण उघडतों तेव्हां ती आधीं दिसते. मग मी दुसरीचा गळ बोटानें चांचपून पाहतों. कांटा नीट चेपलेला आहे ना, याची खात्री करतों, आणि मगच दार ओढून घेतों.